रेडकांच्या खुराकात खायचा सोडा: कधी, किती आणि कसा

ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूर, पडघा, टिटवाळा या बाजूला नोकरी सांभाळून गोठा सुरू करणारे तरुण आता बरेच दिसतात. कुणी दुधाच्या म्हशी घेतं, तर कुणी तबेल्यांतून नर पारडी उचलून वर्ष-दीड वर्षात वजनावर आणतं. पारडी वाढवणाऱ्यांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो: खुराक (म्हणजे वैरण सोडून दिलेलं धान्य, पेंड, चुनी, कोंडा) वाढवला की जनावराचं पोट बिघडतं, मग सोडा घालायचा का? सोड्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण तो कुठल्या गोठ्यात होतो आणि कुठल्या गोठ्यात पैसे शेणात जातात, हे आधी समजून घ्यायला हवं. म्हणून हा लेख सोड्याच्या मापापासून सुरू न करता पोटापासून सुरू करतो.

आधी एक खुलासा. बफरवरचं, म्हणजे पोटातलं आम्ल आवरणाऱ्या सोड्यासारख्या पदार्थांवरचं, बरंच संशोधन परदेशात मांसासाठी वाढवलेल्या गाई-बैलांवर आणि दुधाच्या गाईंवर झालेलं आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गाईची आणि २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बैल-वळूचीही कत्तल बंद आहे, त्यामुळे इथे तो धंदा रेड्यांचा आहे. अमेरिकेतल्या फीडलॉटमध्ये, म्हणजे मांसासाठी गुरं वाढवण्याच्या मोठ्या गोठ्यांत, शेवटच्या टप्प्यात आहाराचा ८०-९० टक्के भाग धान्याचा असतो. आपल्याकडे तसं कुणी घालत नाही आणि घालूही नये. गाय काय नि म्हैस काय, पोटाची घडण तीच आहे, म्हणून तिथली तत्त्वं इथे चालतात. आकडे मात्र आपल्या गव्हाणीकडे बघून ठरवावे लागतात.

कोटीपोटात काय चालतं

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट. तिथे अब्जावधी जिवाणू चारा आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात. ही आम्लं कोटीपोटाच्या अस्तरातून रक्तात जातात आणि जनावराला मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा त्यांच्यातूनच येतो. म्हणजे आम्ल तयार होणं हे चांगलंच लक्षण आहे. ते तयार होण्याचा वेग आणि शोषलं जाण्याचा वेग यांचा मेळ बसला नाही की अडचण सुरू होते.

आम्लतेचं माप म्हणजे सामू. कोटीपोटाचा सामू साधारण ६ ते ७ च्या दरम्यान असावा. पेंढ्या-गवतातला तंतू पचवणारे जिवाणू आम्लाला नाजूक असतात. सामू ६ च्या खाली जाऊ लागला की त्यांचं काम मंदावतं. तो रोज काही तास साडेपाचच्या आसपास राहिला तर जनावर आतून आजारी असतं, पण वरून धड दिसत नाही. खाणं एक दिवस जास्त, एक दिवस कमी, शेण पातळ, वाढ अडलेली. पुढे खूर दुखायला लागतात, यकृतात गळवं होतात. ५ च्याही खाली गेला तर लॅक्टिक आम्ल साठतं आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकतं. पशुवैद्य याला ॲसिडोसिस म्हणतात, गोठ्यात आपण नुसतं अपचन म्हणून सोडून देतो.

या आम्लावर निसर्गाने दिलेला उतारा म्हणजे लाळ. पूर्ण वाढीचं जनावर दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळतं. तिचा सामू आठच्या वर असतो आणि तिच्यात सोडाच असतो, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, शिवाय फॉस्फेट. दिवसभरात लाळेतून पोटात जाणारा हा सोडा किलोच्या पुढे जातो. आपण खुराकात टाकतो तो पन्नास-शंभर ग्रॅम. हा फरक मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, कारण त्यावर पुढचं सगळं उभं आहे: जनावर रवंथ करत असेल तर आपला सोडा मदतीला येतो, रवंथच बंद असेल तर तेवढ्या सोड्याने काही निभत नाही.

पहिली पायरी: गव्हाणीत काय पडतं ते वजनाने लिहा

दोन-तीन दिवस वही ठेवा. भाताचा पेंढा किती, सुकं गवत किती, हिरवा चारा किती, मका भरडा, तूर चुनी, सरकी पेंड, गव्हाचा भुसा, भाताचा कोंडा किती. घमेलं, पाटी, मूठ या मापांत लिहू नका, वजनकाटा वापरा. एक घमेलं भुसा आणि एक घमेलं मका यांच्या वजनात केवढा फरक पडतो, हे एकदा काट्यावर टाकल्यावर लगेच कळतं.

ठाणे आणि नवी मुंबईच्या आसपासच्या गोठ्यांत आणखी एक रांग वहीत लागते: बाहेरून येणारं खाद्य. बेकरीतले उरलेले ब्रेड आणि टोस्टचा चुरा, हॉटेलातला शिळा भात, हळदी-लग्नातलं उरलेलं जेवण, वाशीच्या बाजारातला कोबी-फ्लॉवरचा पाला, बिअर कारखान्यातला चोथा. हे स्वस्त पडतं म्हणून सगळे घेतात, आणि त्यात गैर काही नाही. पण यातला प्रत्येक माल पोटात वेगळा वागतो. बिअरच्या चोथ्यातला बराचसा स्टार्च आधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे तो ताजा असेल तर त्यातून आम्लाचा झटका बसत नाही. शिजलेला भात आणि ब्रेड मात्र कोटीपोटात फार झपाट्याने आंबतात. मी ज्या गोठ्यांत पोटाच्या तक्रारी पाहिल्या आहेत, तिथे बहुतेक वेळा या दोनांपैकी एक सापडतो.

धान्यांचाही असाच क्रम आहे. गहू आणि जव लवकर आंबतात, मका आणि ज्वारी सावकाश. धान्य जितकं बारीक दळाल तितका वेग वाढतो. म्हणून नव्या माणसाने मक्याचा किंवा ज्वारीचा जाडसर भरडा वापरावा. गव्हाचं पीठ नको, तांदळाची कणी बेताने. मका, चुनी, पेंड घ्यायला वाशीचं दाणाबंदर जवळ आहे; घेताना पोत्यात हात घालून ओल आणि बुरशी बघा. दर कमी आहे म्हणून बुरशीचा माल उचलू नका, त्यावर सोडा हा उपाय नाही.

दुसरी पायरी: वैरण आधी, खुराक नंतर

सकाळी उपाशी पोटी आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, समोर ठेवलं की रेडकू ते पाच मिनिटांत संपवतं, जवळजवळ न चावता. लाळ सुटतच नाही. त्याऐवजी आधी पेंढा किंवा सुकं गवत टाका, अर्धा-पाऊण तास चावू द्या आणि मग खुराक ठेवा. यात पैसा लागत नाही, आणि सोड्याइतकाच, कित्येकदा जास्त, फरक पडतो.

कुट्टी कापताना लांबी दोन ते चार सेंटिमीटर ठेवा. कडबाकुट्टी यंत्रावर पीठ केल्यासारखी बारीक कापली की खाणं वाया जात नाही हे खरं, पण रवंथ कमी होते आणि लाळही कमी सुटते. आपल्या जिल्ह्यात भाताचा पेंढा मुबलक आहे आणि मुरबाड-शहापूरच्या माळरानाचं सुकं गवतही मिळतं. पेंढ्यात सिलिका आणि ऑक्झलेट जास्त, पोषण कमी, पण चावायला लावण्याच्या कामात तो पक्का आहे. आहाराच्या कोरड्या वजनातला निदान चाळीस टक्के भाग वैरणीचा असू द्या.

पावसाळ्यात एक वेगळाच धोका असतो: जून-जुलैचं कोवळं हिरवं गवत. ते पाण्याने भरलेलं, तंतू कमी. पोट भरल्यासारखं दिसतं पण रवंथ घटते. त्या दिवसांत थोडा तरी कोरडा पेंढा रोज मिळालाच पाहिजे. म्हणून नोव्हेंबरात कापणीनंतर गंज रचतानाच पुढच्या पावसाळ्याचा हिशोब धरा.

तिसरी पायरी: खुराक हळूहळू चढवा

समजा रेडकाचं वजन २०० किलो आहे. काटा नसेल तर टेप घ्या: छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या इंचातल्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. येईल तो आकडा साधारण किलोतलं वजन.

असं जनावर दिवसाला सुमारे पाच किलो कोरडं खाद्य खातं. सुरुवात एक किलो खुराकाने करा. दर तीन दिवसांनी पाव किलो वाढवा. तीन किलोवर पोचायला साडेतीन आठवडे लागतील, आणि ते लागू द्या. आम्ल वापरणारे जिवाणू वाढायला आणि कोटीपोटाच्या अस्तराची शोषण्याची ताकद वाढायला तेवढा काळ जातो. विकत आणलेलं पारडू आधी कुठे, काय खात होतं हे सहसा कुणी सांगत नाही, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस नुसत्या वैरणीवरच ठेवा. दिवसाचा खुराक एकदम न देता दोन, जमल्यास तीन वेळांत वाटा. मधेच एक दिवस खुराक चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा घालू नका.

चौथी पायरी: आता सोडा

वरचं सगळं जागेवर असेल तर सोड्याला खरा अर्थ आहे, विशेषतः तीन प्रसंगी. खुराक चढवण्याचे ते साडेतीन आठवडे. भात, ब्रेड, गहू असं झटपट आंबणारं खाद्य टाळता येत नसेल तेव्हा. आणि एप्रिल-मेचा उकाडा, कारण धापा टाकताना जनावराची लाळ गळून जाते, शरीरातला बायकार्बोनेटही घटतो, शिवाय ते वैरण सोडून आधी खुराकच खातं.

माप असं धरा: एकूण कोरड्या खाद्याच्या पाऊण ते एक टक्का. २०० किलोच्या रेडकाला रोज ४० ते ५० ग्रॅम. मोठ्या, चारशे किलोच्या पुढच्या जनावराला ८० ते १०० ग्रॅम. पहिल्याच दिवशी पूर्ण माप घालू नका. सोड्याची चव जनावराला आवडत नाही आणि खुराक तसाच राहतो. दहा-पंधरा ग्रॅमने सुरू करून आठवड्यात पूर्ण मापावर या. छोट्या काट्यावर एकदा तोलून प्लॅस्टिकच्या वाटीवर रेघ मारून ठेवा, म्हणजे गड्याला रोज तोलत बसावं लागत नाही.

दिवसाचा सोडाही खुराकाच्या वेळांत वाटायचा. सामू सगळ्यात खाली जातो तो खुराकानंतरच्या काही तासांत, आणि सोड्याचा परिणामही तेवढाच टिकतो. सकाळी एकदाच घातलेला सोडा संध्याकाळच्या खुराकाला उपयोगी पडत नाही.

तो कोरड्या खुराकात नीट मिसळून द्या. रात्रभर भिजवलेल्या आणि आंबूस झालेल्या आंबोणात सोडा टाकला तर तो तिथेच फसफसतो, पोटात जाईपर्यंत त्याचं काम संपलेलं असतं. आंबोण भिजवून देत असाल तर सोडा अगदी समोर ठेवताना मिसळा. पिण्याच्या पाण्यात घालू नका, जनावर पाणीच कमी पितं. काही जण सोड्याचं टोपलं शेजारी ठेवतात आणि हवा तेवढा चाटेल म्हणतात. जनावर आपल्या गरजेइतकंच चाटतं याचा भरवसा धरता येत नाही, मिसळून देणंच बरं.

विकत घेताना पोत्यावर खाद्याच्या प्रतीचं सोडियम बायकार्बोनेट असं लिहिलेलं हवं. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो जास्त दाहक असतो, तोंड आणि अन्ननळी भाजू शकते. लिंबू पिळून फेस येतो का बघण्याची युक्ती इथे फसवी आहे, कारण फेस दोन्हींना येतो. कॉस्टिक सोडा तर गोठ्याच्या आसपासही ठेवू नका. पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा आणि पावसाळ्यात झाकणाच्या पिंपात. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याचे खडे होतात आणि खडा झालेला सोडा खुराकात सारखा मिसळत नाही. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्येही नको, उष्णतेने तो हळूहळू उतरतो.

दुकानदार आणखी दोन पुड्या पुढे करतो. मॅग्नेशियम ऑक्साइड सामू वर नेतं आणि सोड्याबरोबर चालतं, दोन-तीन भाग सोड्याला एक भाग. ते कडू असतं, आणि जास्त झालं तर हागवण लागते. नव्या माणसाने त्याशिवायच सुरुवात करावी. दुसरी चुनखडीची पूड. कोटीपोटात ती फारशी विरघळत नाही, म्हणून तिथलं आम्ल मारण्याच्या कामी कमी पडते. पुढे आतड्यात तिचा थोडा उपयोग होतो असं मानलं जातं. पण तिच्यातून कॅल्शियम मिळतं, आणि कोंडा-चुनीच्या खुराकात नेमकं तेच कमी असतं. त्यासाठी जरूर घाला. पानाचा किंवा रंगाचा चुना मात्र वेगळा, तो दाहक आहे.

मिठाचा हिशोबही बदलतो. ५० ग्रॅम सोड्यात जवळपास १४ ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे ३५ ग्रॅम मिठात असतं तेवढं. मीठ थोडं कमी करा, पण पूर्ण बंद नको, कारण मिठातलं क्लोराइड सोड्यात नसतं. आणि पाणी चोवीस तास समोर हवं.

सोड्याने पचनात नेमकं काय बदलतं

तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना जगायला बरी हवा मिळते, त्यामुळे पेंढा-गवत जास्त पचतं. खाण्यातला रोजचा चढउतार कमी होतो. हे खुराक बदलण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात ठळक दिसतं. जनावर एकदा खुराकाला सरावलं की फायदा बारीक होत जातो, आणि मांसाच्या गुरांवरच्या प्रयोगांत वजनवाढीचे निकाल नेहमी सारखे आलेले नाहीत. नुसत्या वैरणीवरच्या जनावराला सोडा घालून काही मिळत नाही, कारण त्याची लाळच पुरेशी असते.

अभ्यासकांत आणखी एक मत आहे आणि मला ते विचार करण्याजोगं वाटतं. सोडा खाल्लेलं जनावर पाणी जास्त पितं. जास्त पाण्याबरोबर कोटीपोटातला द्रव भरभर पुढे सरकतो, थोडा स्टार्च न आंबता आतड्यात जातो आणि तिथे पचतो. म्हणजे आम्ल मारण्याइतकाच, धुऊन पुढे नेण्याचाही परिणाम असावा. १९९३ मध्ये रसेल आणि चाऊ या अमेरिकी अभ्यासकांनी हे मांडलं. आपल्यापुरता याचा अर्थ सरळ आहे: पाण्याचा हौद रिकामा असेल तर सोड्याचा अर्धा फायदा गेला.

कुठे सोडा घालायचा नाही

गाभण म्हशीला विण्याआधीचे तीन आठवडे सोडा बंद. त्या काळात जादा सोडियमने रक्ताचा तोल अशा बाजूला जातो की व्याल्यावर दुग्धज्वराचा (रक्तातलं कॅल्शियम घटून जनावर आडवं पडतं, त्या आजाराचा) धोका वाढतो.

युरियाची प्रक्रिया केलेला पेंढा किंवा युरियाचा खुराक देत असाल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय सोडा जोडू नका. कोटीपोटाचा सामू चढला की युरियातला अमोनिया रक्तात जास्त वेगाने जातो. युरियाची विषबाधा झालेल्या जनावराला व्हिनेगर पाजतात ते याच कारणाने. तिथे सोडा पाजणं म्हणजे उलटं औषध.

बकरी ईदसाठी बोकड वाढवणाऱ्यांनीही सांभाळून. खच्ची केलेल्या बोकडाला धान्य जास्त मिळालं की लघवीत खडे होतात, आणि लघवी अल्कधर्मी झाली की त्यातले काही प्रकारचे खडे जास्त बनतात. सोडा लघवी त्याच दिशेला नेतो.

रोज काय बघायचं

दुपारी जनावरं निवांत बसलेली असताना गोठ्यात जा. बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसली पाहिजेत. एका घासाला ५० ते ७० वेळा चावणं ठीक. सतत चाळिसाच्या आत असेल तर वैरण वाढवा, सोडा वाढवू नका.

मग शेण. करड्या रंगाचं, बुडबुडे आलेलं, आंबट वासाचं शेण ही पहिली घंटा. मूठभर शेण जुन्या चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा. अख्खे दाणे बरेच दिसले तर भरडा आणखी फोडायला हवा; लांब तंतू न पचता उरला असेल तर कोटीपोटात आम्ल जास्त आहे. पोटाचा सामू खरा कळायला पशुवैद्यांनाच नमुना काढू द्या.

एखाद्याने चोरून ढीगभर खाल्लं तर

पोतं उघडं राहिलं, हळदीचा उरलेला भात अंगणात ओतला आणि रेडकाने तो फस्त केला, असं होतंच. लक्षणं बारा ते चोवीस तासांत येतात: खाणं बंद, रवंथ बंद, डोळे खोल, पातळ आंबट हागवण, चालताना झोकांड्या. लक्षणांची वाट बघू नका. उरलेलं खाद्य लगेच काढून घ्या, समोर फक्त सुकं गवत ठेवा. ढोसून पाणी पिऊ देऊ नका, पाणी थोडं थोडं. आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. किती खाल्लं, केव्हा खाल्लं, कच्चं की शिजलेलं, हे सांगायला तयार राहा, उपचार त्यावर ठरतात.

घरी बाटलीने सोड्याचं पाणी ओतण्याची घाई करू नका. गळून गेलेल्या जनावराला जबरदस्तीने पाजलं की ते फुप्फुसात जातं. शिवाय एकदम खूप सोडा आम्लात पडला की वायू होतो आणि पोट फुगतं. किती आणि कसं पाजायचं ते पशुवैद्य ठरवतील.

सोडा कमी कधी करायचा

पूर्ण खुराकावर येऊन तीन-चार आठवडे झाले, शेण घट्ट आहे, रवंथ नीट आहे, गव्हाण रोज सारखीच रिकामी होते, तर सोडा निम्म्यावर आणा आणि दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. काही बिघडलं नाही तर बंद करून पुन्हा बघा. खाद्य बदललं, ब्रेड-भाताचं प्रमाण वाढलं किंवा उन्हाळा लागला की परत सुरू करा. टेपने वजन महिन्याला एकदा, त्याच वेळी, खुराकाच्या आधी घ्या, आणि सोडा असतानाचे आणि नसतानाचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. पुढचं पोतं घ्यायचं की नाही ते त्या दोन रकान्यांवरून ठरवा.